शहाद्याचा रानपिंगळा

यंदा जानेवारीत आम्ही चौघे धुळ्याहून एस.टी.ने शहाद्याला गेलो. आम्हाला तोरणमाळ बघायचे होते, धाकटीला मात्र घुबड. ११३ वर्षे कोणा शास्त्रज्ञाला न दिसलेला रानपिंगळा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला, हे तिने शाळेत ऐकले होते. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यातच होता. नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला.

गाडीत तिला हकिकत सांगितली. या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिले १८७३ साली ए. ओ. ह्यूम यांनी. होय, काँग्रेसच्या संस्थापकांतले तेच ह्यूम! नमुना मिळवणाऱ्या ब्लूइट साहेबांचे नाव पक्ष्याला लागले. रानाची वाट दाखवणाऱ्याचे नाव अशा ठिकाणी सहसा लागत नाही, हे आपले आमचे मत.

संग्रहालयांत याचे नमुने अवघे सात. खरा शेवटचा १८८४ चा. पण एकाच्या चिठ्ठीवर लिहिले होते: मांडवी, गुजरात, १९१४. लिहिणारे कर्नल माइनर्ट्झहागेन, मोठे नाव. एवढ्या मोठ्या साहेबावर संशय कोण घेणार? अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी घेतला. त्यांनी तो पेंढा भरलेला पक्षी बारकाईने तपासला. मूळ काम दुसऱ्याच हाताचे निघाले, खानदेशात पक्षी गोळा करणाऱ्या जेम्स डेव्हिडसन यांचे. नमुना संग्रहालयातून चोरून त्यावर खोटी चिठ्ठी बांधली होती! मांडवी बाद झाली. मग बेन किंग व डेव्हिड अॅबट यांच्यासह रासमुसेन खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणे धरून हिंडल्या. बाकी ठिकाणी काही नाही. शहाद्याजवळ मात्र भर सकाळी, उघड्या फांदीवर, साक्षात रानपिंगळा.

तोरणमाळच्या वाटेवर चहाला थांबलो तर सागावर घुबड बसलेले. थोरला ओरडला, "सापडला!" सौ.नेही मान डोलावली. आम्हालाही वाटले, पोर एवढ्या लांब आली आहे, होऊ दे तिच्या मनासारखे. ती मात्र बराच वेळ बघत राहिली.

"पप्पा, रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात ना? याच्या डोक्यावर तर किती आहेत."

खरेच होते. आपल्या वस्तीत रात्री ओरडतो तोच साधा पिंगळा. परतीच्या गाडीत तिने वहीत तारीख घातली, ठिकाण घातले आणि पुढे लिहिले: पिंगळा, एक.