आमच्यात असंच असतं

रक्ताच्या रिपोर्टवर शेवटचा रकाना 'नॉर्मल रेंज'चा असतो. हिमोग्लोबिनच्या ओळीत तिथे दोन आकडे छापलेले असतात, एक पुरुषांसाठी आणि एक स्त्रियांसाठी. मराठी माणसासाठी निराळा, सिंध्यांसाठी निराळा, गुजरात्यांसाठी निराळा असा आकडा मात्र कुठल्याच लॅबच्या रिपोर्टवर नसतो. मी ठाकुर्लीत पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. चोळेगावातली मूळची आगरी कुटुंबं, रेल्वेच्या नोकरीपायी बावन चाळीत येऊन राहिलेली देशभरची माणसं, मुंबईतल्या खोल्या सोडून नव्वद फुटी रस्त्यावरच्या इमारतींत आलेले मध्यमवर्गीय आणि कल्याणच्या पुढे दोन स्टेशनांवरच्या उल्हासनगरातले सिंधी, या सगळ्यांचं रक्त एकाच मशीनमधून जातं. त्यामुळे स्त्री-पुरुषांच्या शरीरांतला फरक मोठा, की एका समाजाच्या आणि दुसऱ्या समाजाच्या शरीरांतला, हा माझ्यासाठी रोजच्या कामातला प्रश्न आहे.

रिपोर्ट हातात घेताना लोक दोन वाक्यं हमखास बोलतात. हिमोग्लोबिन साडेआठ आलेलं पाहून नवरा किंवा सासू म्हणते, "बायकांचं कमीच असतं." आणि तांबड्या पेशी आकाराने लहान आहेत असं सांगितलं, की कुणी ना कुणी म्हणतं, "आमच्यात सगळ्यांचं असंच असतं." दोन्ही वाक्यांत थोडं तथ्य आहे. आणि दोन्हींच्या आधाराने माणसं वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढतात. म्हणून हे दोन फरक कसे घडतात आणि कुठवर जातात, ते नीट मांडावंसं वाटतं.

पहिलं वाक्य घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पुरुषाचं हिमोग्लोबिन डेसिलिटरला १३ ग्रॅमच्या खाली गेलं, तर तो रक्तक्षय. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी ही रेषा १२ ग्रॅमवर आहे. लहानपणी मात्र मुलगा आणि मुलगी यांच्यासाठी रेषा एकच असते. ती फुटते पंधराव्या वर्षापासून पुढे. वयात येताना मुलांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन वाढतं, त्याने तांबड्या पेशींच्या निर्मितीला जोर येतो. मुलींना पाळी सुरू होते आणि दर महिन्याला लोह बाहेर जाऊ लागतं. म्हणजे निकषात धरलेला फरक एका ग्रॅमचा. आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी पाहा. २०१९ ते २०२१ या काळातल्या त्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या, त्याच वयाचे पुरुष २५ टक्के. स्त्रियांसाठी रेषा आधीच खाली ओढलेली असताना हे अंतर आहे. हा फरक टेस्टोस्टेरॉनच्या माथी मारता येणार नाही. तो ताटातला आहे, लागोपाठच्या बाळंतपणांचा आहे, अतिरक्तस्राव होत असूनही डॉक्टरकडे न नेण्याचा आहे. साडेआठ हा कुठल्याच बाईचा नॉर्मल आकडा नसतो.

स्त्री-पुरुष फरक घडतो कसा, हे कळलं की त्याची मर्यादाही कळते. गर्भात सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत बीजग्रंथी एकाच साच्यातल्या असतात. पुढे वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय हे जनुक काम सुरू करतं आणि त्या ग्रंथींचे वृषण होतात. ते नसेल तर अंडाशय. या जनुकाचा शोध १९९० मध्ये लंडनच्या संशोधकांनी लावला. क्वचित हा टप्पा नेहमीच्या वाटेने जात नाही आणि दोन्ही चौकटींत न बसणारी बाळं जन्मतात, तीही निसर्गाचीच. पण गुणसूत्रांच्या उरलेल्या २२ जोड्यांचं काय? तिथे मुलीला अर्धा वाटा बापाकडून मिळतो, मुलाला अर्धा आईकडून. दर पिढीत ही वाटणी नव्याने होते, म्हणून एकाच समाजातल्या बायकांत आणि पुरुषांत त्या जनुकांचं प्रमाण सारखंच राहतं. आगरी बायकांत ओ रक्तगट जितका, तितकाच आगरी पुरुषांत. हाडांची जाडी, स्नायू, चरबीची ठेवण यांतला फरक मुख्यतः हार्मोनमुळे येतो. म्हणजे तीच जनुकं, त्यांचा वापर वेगळा. हा फरक जगातल्या प्रत्येक समाजात, प्रत्येक घरात, सख्ख्या बहीण-भावात नव्याने घडतो.

दोन समाजांमधला फरक याच्या अगदी उलट बांधणीचा आहे. तिथे एखादं जनुक एका गटात आहे आणि दुसऱ्यात नाहीच, असं जवळजवळ कधी नसतं. असतो तो प्रमाणाचा फरक: इकडे शंभरात चार, तिकडे शंभरात दहा. मुंबईचं नाव मिळालेला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' घ्या. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो 'लॅन्सेट'मध्ये जगापुढे आणला. युरोपात तो दहा लाखांत एखाद्याचा, मुंबईत सुमारे दहा हजारांत एकाचा. तुलनेत केवढा फरक! तरीही दहा हजारांतल्या उरलेल्या सगळ्या मुंबईकरांचा तो रक्तगट नाहीच. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये रक्तगट आणि प्रथिनांची जगभरची माहिती जमवून हिशोब मांडला. माणसामाणसांत जेवढं जनुकीय वैविध्य आहे, त्यातलं सुमारे ८५ टक्के एकाच समाजाच्या आत सापडलं. ज्यांना वंश म्हणतात त्या मोठ्या गटांमधल्या फरकाच्या वाट्याला जेमतेम सहा टक्के आले. हजारो ठिकाणचे बारीक फरक एकत्र पाहिले, तर माणसाचे पूर्वज कुठले ते आज सांगता येतं, हेही खरं. पण त्याचे पूर्वज कुठले हे कळल्याने त्याचं हिमोग्लोबिन किती असेल, हे कळत नाही.

या विषयात महाराष्ट्राने जे काम केलं, त्याचा मला अभिमान आहे. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधनाला गेल्या. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतली विषमता वंशागणिक बदलते, असा त्याचा कयास होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी असा संबंध दिसत नाही, हे आपल्या प्रबंधात लिहिलं. हाच फिशर पुढे नाझी राजवटीच्या वंशधोरणाचा आधारस्तंभ झाला. अशा गुरूसमोर एका तरुण भारतीय बाईने मोजमापाशी प्रामाणिक राहणं, ही मला विज्ञानातली फार मोठी गोष्ट वाटते.

परत आल्यावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी महाराष्ट्रातल्या जातीजमातींची मोजमापं घेतली, वि. म. दांडेकरांबरोबरचं त्यांचं त्यावरचं पुस्तक १९५१ चं. पुढे १९६८ मध्ये कैलाश मल्होत्रांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची जैविक तुलना प्रसिद्ध केली. एकाच वर्णाच्या, एकाच दर्जाच्या या पोटजाती एकमेकींपासून वेगळ्या निघाल्या. कुंभारांच्या पोटजातींबद्दलही त्यांचं निरीक्षण असंच होतं: नाव एक, धंदा एक, पण मुळं वेगवेगळी. मुंबईत डॉ. वसंत खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनीही साधारण १९५० च्या सुमारास आपसात लग्न करणाऱ्या सहा गटांच्या रक्तगटांचा आणि इतर लक्षणांचा असाच अभ्यास केला होता. या सगळ्यांतून निघणारं उत्तर सरळ आहे. समाजासमाजांतला फरक लग्नाच्या कुंपणाने तयार होतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतात सर्वदूर रक्तमिश्रण होत होतं. कुंपणं घट्ट झाली ती त्यानंतर. लग्नं मोकळी झाली की हे फरक काही पिढ्यांत विरतात. कुणी कुणाशीही लग्न केलं तरी बाई-पुरुष हा फरक विरत नाही.

समाजांमधल्या दिसणाऱ्या फरकांतला बराच भाग तर जनुकांचाही नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत पुरेसं अन्न, स्तनपान आणि स्वच्छता मिळालेल्या बाळांची वाढ मोजली. उंचीतल्या एकूण फरकापैकी देशादेशांमधला फरक फक्त तीन टक्क्यांच्या आसपास भरला. म्हणूनच २००६ मध्ये आलेले वाढीचे तक्ते मुलींचे वेगळे आणि मुलांचे वेगळे आहेत, देशांचे वेगळे नाहीत. आपल्या अंगणवाडीताई आज तेच वापरतात. दक्षिण कोरियाच्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत २० सेंटीमीटरने वाढली. त्यांची जनुकं बदलली नव्हती, आयुष्य बदललं होतं.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं कामही याच वाटेवरचं. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना 'लॅन्सेट'मध्ये छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. हडकुळं दिसणारं भारतीय शरीर आतून चरबी बाळगून असतं आणि त्यामुळे मधुमेह लवकर गाठतो. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे गेला की सावध व्हायला सांगतात, २५ ची वाट पाहत नाहीत. याज्ञिकांनी ही ठेवण पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही दाखवली, तिथून ते त्या बाळांच्या आयांच्या पोषणापर्यंत गेले. ज्याला आपण 'भारतीय शरीर' म्हणतो, त्याच्या घडणीत आईचं उपाशीपण आहे.

स्त्री-पुरुषांतला आणि समाजांमधला, या दोन फरकांची वैद्यकाने गल्लत केली, तेव्हा रुग्णांचं नुकसान झालं. रक्तातल्या क्रिएटिनीनवरून मूत्रपिंडाचं काम मोजण्याच्या २००९ च्या सूत्रात कृष्णवर्णीयांचा आकडा १.१५९ ने गुणला जाई. त्यामुळे अमेरिकेत त्यांचं मूत्रपिंड प्रत्यक्षाहून निरोगी ठरे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्यांची नावं उशिरा लागत. २०२१ मध्ये तो गुणाकार काढून टाकला. स्त्री-पुरुषांसाठीचा वेगळा हिशोब राहिला, कारण स्नायूंतला सरासरी फरक खरोखरच तिथे असतो. उलट चूकही झाली, खऱ्या स्त्री-पुरुष फरकाकडे दुर्लक्ष झालं. झोलपिडेम ही झोपेची गोळी बायकांच्या शरीरातून हळू बाहेर पडते, म्हणून त्यांचा डोस निम्मा करावा, असं अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी सांगितलं ते २०१३ मध्ये. तोवर गोळी वीस वर्षं बाजारात होती.

आता दुसरं वाक्य. "आमच्यात असंच असतं" हे कधीकधी खरं निघतं आणि तेव्हा ते फार महत्त्वाचं असतं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये उल्हासनगर वसलं. बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं जनुक भारतात शंभरात साधारण तीन-चार जणांकडे असतं, सिंधी समाजात त्याहून बरंच जास्त. कच्छी लोहाणा, भानुशाली आणि पंजाबी समाजांतही ते जास्त आढळतं. मलेरियापासून थोडं संरक्षण मिळाल्याने ते टिकलं आणि आपसातल्या लग्नांमुळे साचलं. वाहक, म्हणजे असं एकच जनुक असलेला माणूस, धडधाकट असतो. त्याच्या तांबड्या पेशी लहान, पण संख्येने भरपूर असतात. हे न ओळखता कित्येकांना वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देत राहतात. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीत एचबीए-२ हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर आला की निदान होतं. नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी भागांत सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं असंच आहे. तरीही मी नाव-आडनाव पाहून तपासणी सुचवत नाही, पेशी पाहून सुचवते. कारण हे जनुक मराठा, ब्राह्मण, आगरी घरांतही सापडतं.

इथे दोन्ही फरक एकत्र येतात, तो भाग मला सर्वांत जास्त बोचतो. थॅलेसेमियाचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. ते स्त्री-पुरुष पाहत नाही. पण तपासणी होते गरोदर बाईची, आणि बाळ आजारी निघालं तर बोल लागतो तिलाच. खरं तर आई-बाप दोघंही वाहक असतील, तरच प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक असते. बाई वाहक निघाली, की आम्ही नवऱ्याला बोलावतो, आणि पुष्कळदा नवरा येत नाही. "मला काही झालेलं नाही," असा निरोप येतो. त्याचा तो रिपोर्ट नसेल, तर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मिळणारी निर्णयाची सवड निघून जाते. मग एखाद्या मुलाला जन्मभर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. स्त्री-पुरुषांतला फरक खोलवर आहे, पण ठरावीक जागीच. तो बाईच्या अशक्तपणाचं कारण म्हणून वापरू नये. समाजांमधला फरक सगळीकडे विखुरलेला आहे, पण उथळ आहे. एखाद्या नेमक्या आजारापुरता तो विचारावा आणि तपासून पाहावा, त्यावरून माणसाची किंमत करू नये. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर कारण शोधल्याशिवाय थांबू नका. मूल होऊ देण्याचा विचार असेल, तर तुम्ही कुठल्याही जातीचे असा, एचपीएलसी दोघांनीही करा, आणि नवऱ्याने ती आधी करावी.