गावची वाट आणि इंधनाची वही

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ६६ थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. नवी मुंबईतल्या कोकणी मुस्लिम कुटुंबांसाठी मात्र तो महाड, खेड, चिपळूणपर्यंतचाच. म्हसळा-श्रीवर्धनवाले माणगावलाच वळतात. ईद, लग्न किंवा मे महिन्याची सुट्टी आली की सात आसनी गाडी भरते. जाताना गाद्या आणि जेवणाचे डबे, येताना तांदूळ, आंबे, सुकी मासळी.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. चाकांवरचे ते घर आपल्याला परवडो न परवडो, टपावर सामान बांधलेली आपली गाडी त्याचीच धाकटी बहीण. दोन्हींबाबत प्रश्न एकच: इंधनाची नोंद ठेवण्यात काही अर्थ आहे का?

आहे, पण नोंद नीट ठेवली तर. पंपावर नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि किलोमीटरचा आकडा लिहावा. पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरावी. मधले किलोमीटर भागिले आता भरलेले लिटर, ही सरासरी. समजा, ४२० किलोमीटरला ३० लिटर लागले, तर सरासरी १४. एका भरण्यात लिटरभर इकडेतिकडे होते, म्हणून तीन-चार नोंदींवरच मत बनवावे. सीएनजी किलोत मोजतात आणि पंपावरचा दाब कमी असेल तर टाकी पूर्ण भरत नाही. तिथे तर एका नोंदीवर मुळीच विसंबू नये.

आकड्याशेजारी रस्ताही लिहावा. कर्नाळ्याचा सुळका मागे पडल्यावर मोकळ्या रस्त्यावर मिळणारी सरासरी माणगावच्या बाजारात गाड्यांची रांग लागली की उतरते. कशेडीच्या बोगद्यातून गेलात तर जुन्या घाटाची चढण वाचते. टपावरचे सामान वारा अडवते आणि वेग वाढेल तसे इंधन जास्त खाते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर सरासरी थोडी घटली तर घाबरू नये.

पण रस्ता तोच, ओझे तेवढेच आणि तरीही सरासरी १४ वरून १२ वर आली, तर गाडी काही सांगते आहे. आधी टायरमधली हवा पाहावी, मग एअर फिल्टर, मग ब्रेक चाकाला घासतो आहे का ते. वर्षाला १२,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीत हा फरक सुमारे १४३ लिटरचा होतो. शंभर रुपये लिटर धरले तरी चौदा हजारांवर! शिवाय घासणारा ब्रेक म्हणजे केवळ खर्च नाही, मुलाबाळांच्या जिवाशी गाठ आहे.

वहीचा आणखी एक उपयोग आहे. भाऊ-भाऊ मिळून एका गाडीने जातात तेव्हा खर्चाचा वाटा अंदाजाने ठरतो आणि मनात किंतु राहतो. लिहिलेला हिशेब सगळ्यांना दिसतो, कुणाला बोलावे लागत नाही.

मात्र दर दहा किलोमीटरला डॅशबोर्डवरचा आकडा पाहून एसी बंद करणे आणि म्हाताऱ्या आईला उकाड्यात बसवणे, हा हिशेब नव्हे. "पेट्रोल महागलंय" म्हणून गावची फेरी टाळणाऱ्यांनी तर वही जरूर ठेवावी. फेरीचा नेमका खर्च कळला की दरमहा थोडी रक्कम बाजूला काढता येते. गावी वाट पाहणाऱ्या दादी-नानीला आपली सरासरी कळत नाही. गाडी अंगणात आलेली कळते.