भिंत आणि खिडकी

रात्री पावणेतीनला फोन वाजला. मुख्य डेटाबेस पडला होता. मी तसा निवांत होतो, कारण असं झालंच तर काम हाती घेणारा दुसरा डेटाबेस मीच उभा करून ठेवला होता. लॅपटॉप उघडला. दुसराही पडला होता.

कारण सापडायला चाळीस मिनिटं लागली आणि सापडलं तेव्हा घाम फुटला. दोन्ही डेटाबेस वेगवेगळ्या व्हर्च्युअल मशीनवर होते, पण त्या दोन्ही मशीन एकाच सर्व्हरवर होत्या. त्या सर्व्हरचा मदरबोर्ड गेला होता. माझ्या आकृतीत दोन चौकोन होते, प्रत्यक्षात डबा एकच. आणि आकृतीखाली नाव माझं.

सकाळी आमच्या सीनियर मॅडम एवढंच म्हणाल्या, "तू पडदा लावलास. भिंत हवी होती."

मला एकदम आमचं तासगावकडचं घर आठवलं. अण्णा आणि नानाकाका यांच्यात आधी पडदाच होता. माजघरात दोरी बांधून आजीचं जुनं लुगडं सोडलेलं. अलीकडे आम्ही, पलीकडे ते. पण वीजमीटर एक, नळ एक. नानांनी मोटर लावली की आमच्याकडचा दिवा मंद व्हायचा. व्हर्च्युअल मशीन म्हणजे हेच. एका सॉफ्टवेअरने एकच मशीन वाटून दिलेली असते. पडदा सोयीचा असतो, हवा तेव्हा सरकवता येतो. पण खालची जमीन खचली की दोघेही पडतात.

हार्ड पार्टिशन म्हणजे भिंत. १९९७ मध्ये सनने एंटरप्राइझ १०००० नावाचा सर्व्हर आणला. त्यात १६ बोर्ड आणि ६४ प्रोसेसर बसायचे आणि बोर्डांचे गट करून वेगळे संसार मांडता यायचे. २००० मध्ये एचपीचा सुपरडोम आला. त्यातल्या प्रत्येक सेल बोर्डवर चार प्रोसेसर आणि स्वतःची मेमरी. एक-दोन सेल मिळून एक पार्टिशन, त्याची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी. एका पार्टिशनमधला सेल बिघडला तर शेजारचं पार्टिशन चालूच राहावं, अशी ती रचना. पण भिंतीला किंमत असते. अर्धा सेल इकडे, अर्धा तिकडे देता येत नाही. एकाकडे काम तुंबलेलं आणि दुसरा रिकामा बसलेला, असंही होतं. शिवाय कपाट एकच. भिंत घातली तरी छप्पर सामाईक राहतं.

मी आठवीत असताना आमच्याकडेही भिंत झाली. मीटर वेगळे, नळ वेगळे. अण्णा आणि नाना एकमेकांशी बोलायचे बंद झाले. आजीने मात्र गवंड्याला सांगून दोन्ही स्वयंपाकघरांच्या मधे एक खिडकी ठेवून घेतली.

वेगळं झाल्यावर देवाणघेवाण कशी करायची, हा क्लस्टरचाही मूळ प्रश्न आहे. साध्या नेटवर्कवर निरोप पाठवायचा तर तो दोन्हीकडच्या ऑपरेटिंग सिस्टिममधून जातो, त्याच्या नकला होतात. त्यात सहज काही दहा मायक्रोसेकंद जातात. वायरचा यात फारसा दोष नसतो. केबलमधून सिग्नलला एक मीटर जायला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे दहा मीटरला ५०. उशीर होतो तो दारावरच्या चौकशीत.

इन्फिनिबँडसारखे इंटरकनेक्ट ही चौकशी टाळतात. त्यात आरडीएमए नावाची सोय असते. एका मशीनचं नेटवर्क कार्ड दुसऱ्या मशीनची मेमरी थेट वाचतं, तिथल्या प्रोसेसरला न उठवता. निरोप एक-दोन मायक्रोसेकंदांत पोचतो. मात्र मेमरीचा कोणता भाग उघडा ठेवायचा हे आधी ठरवून त्याची किल्ली द्यावी लागते. आजीचं असंच होतं. ती खिडकीतून हात घालून काकूच्या फळीवरचा साखरेचा डबा घ्यायची. काकूला हाक मारायची गरज नसायची, कारण तो डबा काकूनेच त्या टोकाला ठेवलेला असायचा.

या खिडकीचं मोल आपल्याकडे ठाऊक होतं. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा केला तो अनेक छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून. पुढे परम पद्मसाठी त्यांनी परमनेट-२ हा स्वतःचा इंटरकनेक्ट बनवला. नुसते प्रोसेसर वाढवून भागत नाही. त्यांना एकमेकांची वाट बघावी लागली, तर वाढवलेले प्रोसेसर बसून राहतात.

त्या रात्रीच्या अहवालात मी चूक माझी म्हणून लिहिली. आता दुसरा डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर, वेगळ्या रॅकमध्ये, वेगळ्या वीजजोडणीवर आहे. प्रत्येक नोंद तिकडे पोचल्याची खात्री झाल्यावरच इकडे पक्की होते. त्यामुळे काम थोडं हळू झालंय, पण मला झोप लागते.

आजी जाऊन तीन वर्षं झाली. मागच्या रविवारी अण्णांचा फोन आला. घराला प्लास्टर करायचंय, त्यातच ती खिडकी बुजवून टाकू म्हणाले. आता वापरतं कोण?

"काकू ताक देते की अजून," मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत.

"अण्णा, भिंत काय ती पक्की करा. खिडकी तेवढी ऱ्हाऊ द्या."

"बघू," म्हणाले आणि फोन ठेवला.