बासी ईद, झू पार्क आणि अब्बा

ईदच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे बासी ईद म्हणतात. शीरखुर्मा आटून घट्ट झालेला असतो, पाहुणे येऊन गेलेले असतात, मुलांच्या खिशात ईदी खुळखुळत असते आणि नवे कपडे अजून मळलेले नसतात. या दिवशी काय करायचं, याचं उत्तर देवणी, उदगीर, भालकी, बीदर या पट्ट्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांत एकच असतं. हैदराबादला जायचं आणि झू पार्क बघायचा. कागदोपत्री त्याचं नाव नेहरू प्राणी उद्यान. आमच्यात मात्र लहान-थोर सगळे झू पार्कच म्हणतात.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी राणीची बाग सोडून हैदराबादला का जावं, असं कुणी विचारील. देवणीहून मुंबई म्हणजे एक रात्र आणि वर अर्धा दिवस. हैदराबाद चार-पाच तासांत येतं. शिवाय 1956 पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यातच होतो आणि आमचं उदगीर बीदर जिल्ह्यात होतं. राज्यांच्या सीमा बदलल्या, पण सोयरिकी बदलल्या नाहीत. प्रत्येक घरातली एक तरी फुप्पी नाहीतर खाला जुन्या शहरात दिलेली असते. आणि तिथल्या तिकीट खिडकीवरही 'कित्ते बच्चे, कित्ते बडे?' असं आपल्याच बोलीत विचारतात.

2023 साली रमजान ईद 22 एप्रिलला, शनिवारी आली. म्हणजे बासी ईद रविवारी. सोमवारी झू पार्क बंद असतो, त्यामुळे जायचं तर त्याच दिवशी. माझं माहेर आणि सासर दोन्ही देवणीतच आहे. दोन्ही घरांनी मिळून एक क्रूझर ठरवली. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि आमच्या शाळेचा पगार अजून पूर्ण अनुदानावर आलेला नाही, त्यामुळे वर्षातून एकदाच होणाऱ्या अशा खर्चाची तयारी आमच्याकडे रजबपासून सुरू होते. सासूबाईंनी रात्रीच पराठे लाटून ठेवले, अंडी उकडली, कैरीच्या लोणच्याची बरणी फडक्यात बांधली. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती आणि धाकटा बालवाडीत. अब्बा यायला तयार नव्हते. 'जनावर देखने को पैसे देना? हमारी जिंदगी जनावरां में गई,' असं त्यांचं म्हणणं. शेवटी नातीनं हात धरून त्यांना गाडीत बसवलं. फजर भालकीच्या पुढे एका मशिदीत झाली आणि दहाच्या सुमारास आम्ही बहादूरपुऱ्यात पोहोचलो.

गाड्यांच्या नंबरपाट्या बघूनच गर्दीचा अंदाज आला. लातूरचा एमएच 24, नांदेडचा एमएच 26, बीदरचा केए 38, सगळा मुलूख तिथं लोटला होता. फाटकापासून रांगा, रांगेत सुरमा घातलेली पोरं, अत्तराचा वास, फुगेवाले, हरवलेल्या मुलांची नावं पुकारणारा भोंगा. 380 एकरांची बाग, पण पहिल्या पाव किलोमीटरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. झुकझुक गाडीच्या रांगेत आमचा पाऊण तास गेला. डायनासोरच्या पुतळ्यांपाशी फोटो काढायलासुद्धा नंबर लावावा लागला. धाकट्याला खऱ्या हत्तीपेक्षा तो सिमेंटचा डायनासोरच जास्त आवडला, हेही सांगून टाकते.

या गर्दीला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ती आवडते, आणि त्याचं कारण माझी अम्मी आणि सासूबाई. वर्षभर या दोघींचं बाहेर पडणं म्हणजे दवाखाना, बाजार, मय्यत आणि लग्न. बसायला जावं अशी बाग देवणीत नाही, आणि असती तरी चार बुरखेवाल्या बायका विनाकारण तिथं जाऊन बसल्या नसत्या. इथं मीर आलम तलावाच्या बाजूच्या झाडाखाली दोघींनी चटई टाकली, चपला काढल्या, पाय पसरले. शेजारी गुलबर्ग्याचं एक कुटुंब होतं. अर्ध्या तासात लोणचं तिकडे गेलं, तिकडून दही-वडे इकडे आले आणि एका पोरीच्या स्थळाची चौकशीही झाली. एवढ्या गर्दीत कुणाला कुणाकडे बघायला सवड नसते. बाईमाणसाला असा मोकळेपणा फार कमी ठिकाणी मिळतो.

त्यांना तिथं ठेवून आम्ही मुलांना घेऊन निघालो. पिवळ्या वाघापाशी धाकटा ओरडला, 'शेर!' पांढऱ्या वाघापाशीही 'शेर!' सिंहापाशी मात्र तो अडखळला. 'ये भी शेर?' मराठीत वाघ वेगळा आणि सिंह वेगळा. आमच्या बोलण्यात दोघेही शेर, फार तर सिंहाला बबर शेर म्हणायचं. मराठी हे आमच्या मुलांचं शाळेत शिकायचं दुसरं भाषेचं पुस्तक. वर्गात दरवर्षी याच शब्दावर गाडी अडते आणि दरवर्षी मी फळ्यावर आयाळ काढून दाखवते. मुलगी भावाला ऐटीत म्हणाली, 'शेर दोनों, पर मराठी में ये सिंह, वो वाघ. मास्टरनी का बेटा होके इत्ता नहीं मालूम?' रांगेतली माणसं हसली. याच बागेतल्या आठ सिंहांना 2021 च्या साथीत करोना झाला होता आणि ते बरेही झाले, हे मी सांगितलं तेव्हा अब्बा पिंजऱ्याकडे बघत म्हणाले, 'आदमी की बीमारी इनको भी लगी. बेचारे भाग के जाते भी किधर?'

अब्बांना थांबवलं ते एका कासवानं. चाणक्य नावाचं हे प्रचंड कासव 1963 साली ही बाग सुरू झाली तेव्हा जुन्या बाग-ए-आममधून इथं आणलेलं. आमचे दादा उदगीरहून रेल्वेनं हैदराबादला जायचे, त्या काळात प्राणी बाग-ए-आममध्येच होते. 'पेटीएवढं कासव' बघितल्याचं ते घरी सांगायचे. अब्बांना ती थाप वाटायची. त्या दिवशी ते कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिले. 'मेरे बावा जो देखे सो येइच होगा,' एवढंच बोलले. पुढे मार्च 2024 मध्ये ते कासव गेलं. वय सुमारे सव्वाशे वर्षं. बातमी मी अब्बांना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी 'इन्ना लिल्लाह' म्हटलं आणि मग स्वतःच हसले.

सफारीच्या बसला जाळ्या होत्या आणि आत गर्दी एवढी, की आम्हाला एक अस्वल आणि पुढच्या माणसाची पाठ दिसली. उतरल्यावर आम्ही गव्यापाशी आलो. आणि इथं अब्बा एकदम वेगळेच झाले. दिवसभर काठी टेकत मागे राहिलेला माणूस जाळीशी जाऊन उभा राहिला. 'इधर आओ,' त्यांनी नातवंडांना बोलावलं. 'इसका सीना देखो. पुट्ठा देखो. चारों पांव में सफेद मोजे पहनेला है, देखो.' पूर्ण वाढलेला गवा हजार किलोपर्यंत भरू शकतो, हे मी पुस्तकातलं सांगितलं. अब्बांनी खुरांवरून, पाठीच्या उंचवट्यावरून, चालीवरून त्याचं वय सांगायला सुरुवात केली. आजूबाजूची पोरं थांबली, त्यांचे बाप थांबले. नांदेडकडचा कुणी एकजण म्हणाला, 'चाचा, बैलाचे जाणकार दिसता.' अब्बांनी मान हलवली. 'था,' ते म्हणाले.

या 'था'मागं काय आहे, ते सांगायला हवं. अब्बांची आयुष्यभराची रोजी जनावरांच्या बाजाराची. हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार, माळेगावची जत्रा, भालकीकडचे आठवडी बाजार. घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभं राहायचं, रुमालाखाली बोटांवर भाव ठरवायचा आणि जनावराची हमी द्यायची. जबडा उघडून आदत, दुसा, चौसा सांगायचं. मराठा, लिंगायत, वंजारी शेतकरी त्यांना विचारल्याशिवाय जोडी घेत नसत. आमच्या गावाचं नाव तर गोवंशालाच मिळालेलं. गीर, डांगी आणि इथली स्थानिक जनावरं यांच्या मिश्रणातून देवणी घडली, असं जाणकार सांगतात. त्यातही तीन प्रकार आहेत. अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या, तो वानेरा. पोटाखालच्या भागावर काळे ठिपके, तो बाळंक्या. पांढऱ्या अंगभर वेडेवाकडे काळे पट्टे, तो शेवरा. अब्बांना ही नावं कुणी शिकवली नव्हती. ती त्यांच्या बोलण्यातच होती.

मार्च 2015 मध्ये राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. म्हातारा बैल विकायचा, त्यात भर घालायची आणि नवा घ्यायचा, ही शेतकऱ्याची जुनी रीत मोडली. अब्बांचा व्यवहार औताच्या जनावरांचा. पण रस्त्यावर टेंपो अडवणाऱ्याला दात बघता येत नाहीत, तो नाव विचारतो. एकदा सगळे कागद हातात असताना त्यांना तीन तास रस्त्याच्या कडेला उभं केलं. बैल घेणारा शेतकरी धावत आला, तेव्हा सुटले. घरी येऊन त्यांनी रुमाल खुंटीला टांगला. अम्मीनं पुन्हा जाऊ दिलं नाही.

सगळा भार कायद्यावर टाकणंही खरं नाही. ट्रॅक्टर आधीपासून येत होता. दुष्काळानं दावणी रिकाम्या केल्या. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं जनावरांना कोण पाजणार? 2022 मध्ये लम्पीच्या साथीत बाजारच बंद राहिले. एकेक करून असं होत गेलं आणि ज्या गावाच्या नावाचा बैल, त्या गावातली माझी मुलं बैल बघतात ती बहुतेक पोळ्याच्या मिरवणुकीत.

गव्यापाशी मुलीनं विचारलेला प्रश्न म्हणूनच मला सोपा वाटला नाही. 'नाना, अपने देवणी का बैल इधर कौनसे पिंजरे में है?' तिला वाटत होतं, एवढं नावाजलेलं जनावर इथं असणारच. नवऱ्यानं हसून सांगितलं, की पाळीव जनावरं झूमध्ये ठेवत नाहीत. अब्बा हसले नाहीत. खाली बसून त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. 'बेटा, जिसको घर है, उसको इधर नहीं लाते. अल्ला करे, वो इधर नक्को आए.'

परतताना गाडीत मुलं झोपली. झहीराबादच्या पुढे अंधार पडला. सासूबाई म्हणाल्या, 'अगले साल और एक चटई लाना, वो गुलबर्गेवाले भी आने बोले.' अब्बा पुढच्या सीटवर ड्रायव्हरला देवणी आणि लाल कंधारीतला फरक समजावत होते. आठ वर्षांत मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांच्या रोजीबरोबर त्यांचं बोलणंही गेलं होतं, आणि ते परत यायला हैदराबादच्या गर्दीतली चार अनोळखी माणसं पुरली.

उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर, पोळ्याच्या आधी मी चौथीचा वर्ग घेऊन गावातल्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यावर गेले. शाळेपासून दहा मिनिटांची वाट. त्यांच्याकडे अजून एक जोडी आहे, एक वानेरा, एक बाळंक्या. ही जोडी पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या जोडीच्या जागी आली आणि ती पहिली जोडी अब्बांनी ठरवून दिलेली. शेतकऱ्यानं अब्बांना 'या चाचा' म्हणून खाटेवर बसवलं, मुलांना गूळ-शेंगदाणे दिले. अब्बांनी बैलाचा जबडा उघडून दाखवला. आधी पोरी मागे सरल्या, मग सगळ्यांना हात लावायचा होता. एकीनं विचारलं, 'नाना, ये काटता नहीं?' अब्बा म्हणाले, 'इसके ऊपर के सामने के दातइच नहीं, काटेगा कैसा?' चौतीस मुलं एकदम वाकून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी उर्दूत शब्द लिहून दिले. आदत, दुसा, चौसा, वानेरा, बाळंक्या, शेवरा. वशिंडाला उर्दूत कोहान म्हणतात, ते सांगितलं. गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीला काय म्हणायचं, असं एका मुलानं विचारलं. आमच्या घरात अब्बा तिला पोळीच म्हणतात. मीही उर्दू अक्षरांत 'पोळी' लिहायला घेतलं. 'ळ'साठी उर्दूत अक्षर नाही. वर्गानं सुचवलं, लामच्या डोक्यावर एक छोटा तोय काढा, टे आणि डालवर काढतो तसा. तसा काढला. मुलांनी तो शब्द तसाच वहीत उतरवून घेतला.