बाराव्या मानांकनाचा मोह

दर मार्चमध्ये एका रविवारी संध्याकाळी निवड समितीने अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेच्या 68 संघांची यादी जाहीर केली, की अग्रमानांकितांकडे मी ढुंकूनही पाहत नाही. माझी दृष्टी थेट चारही विभागांतील पाचव्या आणि बाराव्या मानांकनांच्या जोड्यांवर जाऊन स्थिरावते. इंडियानात स्थायिक झाल्यापासून कचेरीतल्या पैजेचा, कोण जिंकणार हे आधीच लिहून देण्याचा तक्ता मी ज्या निष्ठेने भरीत आलो, त्या निष्ठेने आयकराचे विवरणपत्रही कधी भरलेले नाही, आणि या निष्ठेपैकी निम्मी तरी त्या चार जोड्यांवरच खर्च झाली. स्पर्धा 64 संघांची झाली त्या 1985 सालापासूनचे दप्तर चाळले, तर बाराव्याने पाचव्याला सुमारे तीनांतून एकदा धूळ चारलेली आढळते. अर्थात चारही पाचवे संघ पहिल्या फेरीतून सुखरूप पार पडण्याचा संभव पाचांत एकाहूनही कमी. गोम अशी, की सामने सुटे सुटे पाहावेत तर प्रत्येक ठिकाणी पाचव्याचेच नाव लिहिणे शहाणपणाचे, आणि चारही नावे एकत्र वाचावीत तर ती बहुधा खोटी ठरणार हे लेखणी उचलतानाच ठाऊक. चौघांत एक फितूर आहे हे पक्के माहीत असावे आणि तरीही चौघांचीही जामीनकी आपणच पत्करावी, अशी ही अवस्था.

तो फितूर हुडकण्यासाठी मी प्रथम सरासरी गुणांवर भिस्त ठेवली, मग ती सोडून ताबे, म्हणजे चेंडू संघाच्या हाती आल्याच्या खेपा, मोजू लागलो: बास्केटवर केलेले प्रयत्न, त्यांतून आक्रमणातले रिबाउंड वजा, त्यांत गमावलेले चेंडू मिळवायचे आणि फ्री थ्रोंची 0.475 पट. त्यावरून दर शंभर ताब्यांमागे कोण किती गुण करतो आणि किती देतो हे काढले, की संथ आणि चपळ संघ एका तागडीत तोलता येतात. केन पॉमरॉय यांच्या क्रमवारीमुळे ही रीत आता सर्वतोमुखी झाली आहे. परंतु माझे मन गुंतले ते संथपणात. ताबे जितके कमी तितका दुर्बळाला दैवाचा वाव अधिक. म्हणून संथ खेळणारा बलाढ्य संघ आणि समोर तीन गुणांच्या फेकींवर जगणारा दुबळा संघ, ही जोडी दिसली की माझी बोटे शिवशिवतात. 2018 साली व्हर्जिनिया हा स्पर्धेचा सर्वोच्च मानांकित संघ देशातील अत्यंत संथ संघांपैकी एक होता. सोळाव्या मानांकनाविरुद्ध पहिल्या मानांकनाने तोवरचे सर्व 135 सामने जिंकले होते, आणि मेरीलँडच्या बाल्टिमोर काउंटी विद्यापीठाविरुद्ध मध्यंतराला फलक 21–21 वर अडला होता. उत्तरार्धात त्या पोरांनी 53 गुण केले; तीन गुणांच्या 24 फेकींपैकी त्यांच्या 12 लागल्या, व्हर्जिनियाच्या 22 पैकी 4. निकाल 74–54. संथपणाचा माझा सिद्धांत त्या रात्री अक्षरशः मूर्तिमंत झाला होता, पण पुढच्याच वर्षी तोच व्हर्जिनिया त्याच संथ खेळाने विजेतेपद घेऊन गेला, आणि सिद्धांताने कोणते तोंड दाखवावे हे मला आजतागायत उमगलेले नाही.

भाकिते करण्यातल्या माझ्या प्रतिस्पर्ध्यांविषयी माझे मत फारसे उदार नाही. दूरचित्रवाणीवरील पंडित संघाच्या जिद्दीवर बोलतात. जिद्द मोजण्याचे माप त्यांच्यापाशी नाही, आणि हरलेल्या संघाची जिद्द सामन्याआधी कोठे होती हे त्यांना कोणी विचारीत नाही. संगणकवाले एखाद्या विजयाचा 38 टक्के संभव सांगून मोकळे होतात. निकाल कोणताही लागो, त्यांच्या अंगाला ओरखडा म्हणून उठत नाही. ओबामांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्याच वर्षी, 2009 साली, दूरचित्रवाणीवर तक्ता भरून नॉर्थ कॅरोलायनाचे नाव अचूक सांगितले, तेव्हा माझ्या पोटात दुखले होते, हे कशाला लपवू? अग्रमानांकिताचे नाव घेण्यात कसली मर्दुमकी, असे मी घरी म्हणालो; पण दुखणे होते ते होतेच.

या सगळ्याला पहिला धक्का दिला तो एका मित्राच्या संख्याशास्त्र शिकणाऱ्या मुलीने. माझ्याकडून ताब्यांचे गणित शिकून घेतल्यावर तिने माझे जुने तक्ते चाळले आणि अत्यंत सौम्यपणे विचारले, “काका, तुम्हाला पैज जिंकायची असते की सोमवारी कचेरीत कोणी तरी ‘अहो, हे तुम्हाला कसं कळलं?’ असं विचारायला हवं असतं?” मी विषय बदलून चहा मागविला. कचेरीतल्या त्या प्रश्नासाठी मी काय वाटेल ते दिले असते. चार बाराव्यांपैकी एक बरोबर निघाला की विजेता चुकल्याचे दुःख मला शिवतसुद्धा नसे.

दुसरा धक्का पैशाचा. 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावाचा मोबदला घेता येऊ लागला आणि त्याच सुमारास वर्षभर बाहेर न बसता महाविद्यालय बदलण्याची मुभाही मिळाली. खेळाडूंना त्यांचा वाटा मिळाला हे न्याय्यच, परंतु लहान महाविद्यालयात चार वर्षे एकत्र खेळून मुरलेला बारावा संघ, ज्याच्या शोधात माझे आयुष्य गेले, तो दरवर्षी उन्हाळ्यात मोडू लागला. 2025 मध्ये फ्लोरिडाला विजेतेपद मिळवून देणारा वॉल्टर क्लेटन ज्युनियर आयोना या लहान महाविद्यालयातून आलेला. पूर्वीच्या व्यवस्थेत तो कदाचित तेथेच राहून एखाद्या बलाढ्याची त्रेधा उडविता. त्या वर्षी शेवटच्या सोळांत मोठ्या परिषदांबाहेरचा एकही संघ उरला नाही, आणि 2008 नंतर प्रथमच चारही अग्रमानांकित उपांत्य फेरीत पोहोचले. ज्याने डोळे मिटून वरचीच नावे लिहिली तो शहाणा ठरला. त्या मुलीनेही जवळजवळ तेच केले होते; ती आमच्या कचेरीत असती तर पैज तिचीच होती.

मी मात्र त्याही वर्षी बाराव्यांचाच धांडोळा घेत बसलो होतो, आणि पुढेही बसेन. आमच्या कचेरीच्या नियमाप्रमाणे पहिल्या फेरीतील अचूक नावाला, मग ते कितीही अनपेक्षित असो, 1 गुण मिळतो. विजेत्याच्या नावाला 32.