रायपूर : बोटांनी पाहायची चित्रे

नागपूरहून रेल्वेने पूर्वेकडे निघाले की गोंदिया, डोंगरगड, दुर्ग मागे टाकत सुमारे ३०० किलोमीटरवर रायपूर येते. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसाला हे गाव परके नाही. २००० साली छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर राजधानी बनले. बस्तर किंवा सिरपूरला जाताना प्रवासी येथे उतरतात. अर्धा दिवस हाताशी असेल, तर नवा रायपूरमधील ‘पुरखौती मुक्तांगण’ अवश्य पाहावे.

पुरखौती म्हणजे पूर्वजांचा वारसा. २००६ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते खुल्या झालेल्या या विस्तीर्ण आवारात छत्तीसगडचे लोकजीवन आणि लोककला मांडली आहे. त्यात उत्तरेकडील सरगुजा भागातील रजवार स्त्रियांच्या भित्तिकलेपाशी थोडे रेंगाळावे. हे चित्र भिंतीवर रेखाटलेले नसते, भिंतीतून वर आलेले असते. बांबूच्या कामट्या आणि पेंढा यांचा सांगाडा, त्यावर मातीचा लेप, वर रंग. पक्षी, माकडे, नाचणारी माणसे, सारे उठावात. डोळे मिटून हात फिरवला तरी पक्ष्याची चोच कोठे संपते ते कळावे!

या कलेला नाव मिळवून दिले पुहपुत्रा गावच्या सोनाबाई रजवार यांनी. लग्नानंतर कित्येक वर्षे त्यांना घराबाहेर पडणे जवळजवळ बंद होते. मुलाला खेळणी हवीत म्हणून त्यांनी माती हाती घेतली. पुढे उन्हाची तलखी कमी व्हावी म्हणून मातीच्या जाळ्या केल्या, त्यांत पक्षी बसवले. १९८३ मध्ये भोपाळच्या भारत भवनातील मंडळींनी हे घर पाहिले आणि सोनाबाईंचे नाव देशभर झाले. २००७ साली त्या गेल्या.

सोनाबाईंना दृष्टी होती. पण जगभरचे दृष्टिहीन चित्रकार ज्या वाटेने चित्रापर्यंत पोहोचतात, ती हीच, उठावाची वाट आहे. तुर्कस्तानचे जन्मांध एशरेफ आर्मागान आधी कागदावर उमटलेली रेघ कोरून घेतात. एक हात त्या रेघेवर ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटांनी रंग भरतात. एक रंग वाळल्याशिवाय दुसरा लावत नाहीत, नाहीतर दोन्ही मिसळतील. तरुणपणी दृष्टी गेलेले अमेरिकेतील जॉन ब्रॅम्ब्लिट रेघ उठावाच्या रंगाने काढतात आणि रंग दाटपणावरून ओळखतात. पांढरा दाट, काळा पातळ!

आपल्याकडे शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५६-५७ च्या सुमारास पूर्ण गेली. तरी ते थांबले नाहीत. कागद दुमडून, कातरून, चिकटवून त्यांनी चित्रे केली. १९७२ साली कलाभवनाच्या भिंतीवर त्यांचे मोठे टाइल्सचे चित्र उभे राहिले. त्याच वर्षी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट केला.

घरात कुणी दृष्टिहीन असेल, तर सहलीत काय होते? बाकीचे चित्र पाहतात आणि त्याला वर्णन ऐकवतात. हात लावायची सोय नसते. यात संग्रहालयांचीही अडचण आहे. हजारो हात फिरले तर मातीची चोच झिजेल, रंग उडेल. त्यावर तोड आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ साली ‘अनुभव’ दालन उघडले. तेथे निवडक वस्तूंच्या प्रतिकृती खास स्पर्शासाठीच ठेवल्या. रजवार कलेला तर प्रतिकृतीही शोधायला नको. ज्या हातांनी भिंत घडवली, तेच हात स्पर्शासाठी वेगळा फलक सहज घडवतील.

रायपूरला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे, हवा सुखद असते. सोबत दृष्टिहीन व्यक्ती असेल, तर कोठे हात लावता येईल ते तेथील कर्मचाऱ्यांना आधी विचारावे. अशी विचारणा पुन्हा पुन्हा झाली, तर तो फलकही एक दिवस तयार होईल.