तीन झाडं आणि कोरा कागद

दोस्तांनो, रंगपेटी न उघडता कुणाला वादळ काढता येईल का? डच चित्रकार रेम्ब्राँ यानं १६४३ साली ते काढलं. चित्राचं नाव ‘तीन झाडं’. आकार म्हणाल तर जेमतेम २१ सेंटिमीटर उंच आणि २८ सेंटिमीटर रुंद. तुमच्या चित्रकलेच्या वहीत मावेल एवढंच!

पण ते थेट कागदावर काढलेलं नाही बरं का. आधी तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा. त्यावर सुईनं रेघा ओढायच्या. मग पत्र्याला ॲसिड लावायचं. जिथलं मेण निघालंय तिथलंच तांबं ते खातं. मेण काढून त्या बारीक चरांत शाई भरायची, वरची शाई पुसायची आणि पत्र्यावर ओलसर कागद ठेवून दोन्ही यंत्रात दाबायचं. कागदावर चित्र उमटतं, तेही उलटं! डावीकडचं उजवीकडे.

माझे बाबा गेले त्या वर्षी या चित्राची छापील प्रत माझ्या टेबलासमोर होती. रंगीत काही बघावंसंच वाटत नव्हतं. आधी मला नुसती झाडं दिसली आणि डावीकडची पावसाची तिरकी सर. मग रोज थोडं थोडं सापडत गेलं. पाण्याकाठी मासे धरणारा माणूस. त्याच्याजवळ बसलेली बाई. लांब क्षितिजावर शहर. आणि उजवीकडे टेकाडावर चित्र काढत बसलेला इवलासा माणूस!

एकदा भिंग लावून पाहिलं. काळंभोर झाड म्हणजे रेघांवर रेघा, त्यांवर पुन्हा रेघा. आणि झाडांमागचा लख्ख उजेड? तो काढलेलाच नाही. तिथं कागद जवळजवळ कोरा सोडलाय.

१६४२ साली रेम्ब्राँची पत्नी सास्किया वारली. मुलगा टायटस तेव्हा वर्षाचाही नव्हता. हे चित्र त्या दुःखाचंच आहे, असं मी म्हणणार नाही. पण बाबांची रिकामी खुर्ची मला बघवत नसे. या चित्रातली रिकामी जागा मात्र मी तासन्‌तास बघू शके.

तुम्हीही एक करा. पेन्सिल घेऊन एखाद्या झाडासमोर बसा. फक्त सावल्या काढा, उजेडाला हात लावू नका. आणि आईबाबांनो, “रंग कधी भरणार?” असं लगेच विचारू नका हं!